गावाकडची लाईन

दिवसभर लोकांना ‘कोण बोलतंय, कोण पाहिजे’ असं विचारणं हीच जिची नोकरी, ती शोभाताई स्वतःच्या नवऱ्याचं नाव कधी घेत नसे. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या आमच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये टेलिफोनच्या बोर्डावर ती बसायची आणि तिच्या समोरच्या टेबलावर मी, डिस्पॅचची कारकून. नवऱ्याचा फोन येऊन गेला की ती मला म्हणायची, "गोपालच्या वडिलांचा होता." त्यांचं नाव रामदास आहे हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी नाशिकची, बँकेतल्या बापाची लेक. मला याचं फार हसू यायचं. मी विचारायची, उद्या ते हरवले तर पोलिसांत काय सांगशील? ती शांतपणे म्हणायची, "सांगेन, गोपालचे वडील हरवले."

ती मूळची धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची. वडील गावातलं पोस्ट सांभाळायचे आणि गावातला एकुलता एक फोन त्या पोस्टात, म्हणजे त्यांच्याच ओसरीवर. शाळेतून आली की ही तिथेच. कोणाचा मुलगा सुरतेला, कोणाचा उधन्याला, कोणाला हाक मारायला कोणत्या गल्लीत पळायचं, सगळं तिला तोंडपाठ. मॅट्रिक झाली, लग्न झालं, बमरोलीच्या एका खोलीत संसार मांडला. नवरा लूमवर जायचा. ही आमच्या मिलमध्ये आली ती साड्यांच्या घड्यांना लेबलं लावायला. मग आधीची ऑपरेटर लग्न होऊन बडोद्याला गेली आणि चार दिवस तात्पुरती म्हणून हिला बोर्डावर बसवली. ते चार दिवस काही संपले नाहीत. आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता, चांगला खणखणीत होता, आणि मशीनच्या गडगडाटात तोच कामाचा.

मिल पांडेसऱ्याला, दुसरं युनिट पलसाण्याला, गोडाऊन पर्वत पाटियाला, आणि या तिन्हींमधलं सगळं बोलणं शोभाताईच्या हातून जायचं. मुंबईच्या पार्टीला सेल्स हवं, पलसाण्याच्या मास्तरला रंग हवा, गोडाऊनला ट्रक हवा. पण तिचा जीव होता तो गावाकडच्या फोनांत.

आमच्या मिलमध्ये भरती गाववार झाली होती. एखाद्या गावचा माणूस मुकादम झाला की तो भाऊ, भाचे, शेजारी अशी सगळी वरात आणायचा. त्यामुळे स्टेंटरवर, म्हणजे रंगवलेलं कापड ताणून वाळवायच्या त्या लांबलचक तापलेल्या मशीनवर, सगळे मालपूरचे. घडी खात्यात सगळे आर्थ्याचे. रंग कालवायच्या कलर किचनमध्ये तिसऱ्याच गावचे. या सगळ्यांच्या बायका गावी, आणि गावात एव्हाना एसटीडीचे बूथ झालेले. बाई बूथवर यायची, मिलचा नंबर लावून घ्यायची आणि शोभाताईने "कोण पाहिजे?" विचारलं की गप्प बसायची. नवऱ्याचं नाव घेणार कसं?

दुसरी कोणी ऑपरेटर असती तर तिने फोन आपटला असता. शोभाताई विचारायची, "कोणतं गाव वं बहीन?" मग, "कोणाचे वडील पाहिजेत?" तेवढ्यावर काम व्हायचं. सुनीलना बाप, मंगलना बाप, लगेच जोडून दिलं. पंचाईत व्हायची ती मूलबाळ नसलेल्या बायांची. त्यांच्यापाशी सांगायला काहीच नसायचं.

उज्ज्वला त्यातलीच. मालपूरची सून, वाल्मिकची बायको. वाल्मिक स्टेंटरच्या तोंडाशी उभा असायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता, आणि सासू-सासऱ्यांना बघायला ती गावीच. तिचा फोन आला की लाईनवर नुसता श्वास ऐकू यायचा. शोभाताई थोडं थांबायची आणि म्हणायची, "उज्ज्वला का?" तिकडून "हं". मग वाल्मिकला जोडायची. मी एकदा म्हटलं, बाई किती लाजाळू आहे. शोभाताई माझ्यावर चिडली. "लाजाळू नाही ती. तिच्याकडे शब्दच नाही अजून," म्हणाली. त्या दिवशी मी तिला चिडवायचं थोडं कमी केलं.

शहाण्णव साली आमच्या सेठचे चिरंजीव हितेनभाई यांनी टेलिफोनचं नवं इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं. जुना बोर्ड गेला, भिंतीवर एक पेटी आली आणि शोभाताईच्या टेबलावर ढीगभर बटणांचा फोन. ते बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला, तुषार नावाचा, धुळ्याचाच निघाला. त्याने समजावलं, की आता प्रत्येक फोन तुम्ही हाताने जोडायचा नाही. नियम एकदा ठरवून मशीनमध्ये भरायचे, मग मशीन जोडेल. बाहेर कोणी फोन लावायचा, एसटीडी कोणाला उघडी, कोणाला कुलूप, कोणत्या लाईनवर आलेला फोन कुठे वाजायचा, आणि तिथे कोणी उचलला नाही तर पुढे कुठे.

मी धरून चालले होते की शोभाताई घाबरेल. ती तर पदर खोचून बसली. दोघांनी मिळून अख्ख्या मिलची कुंडली मांडली. डाइंग मास्तर दिवसातून दहादा मेव्हण्याशी बोलतात, त्यांची एसटीडी बंद. पलसाण्याहून आलेला फोन सरळ कलर किचनमध्ये. सेल्सचे मॅनेजर कायम चहाला, म्हणून त्यांच्या टेबलावर फोन थोडा वेळ वाजला की तो आपोआप कॅन्टीनमध्ये वाजायचा. पहिल्याच दिवशी मॅनेजर हातात कप घेऊन तिथल्या फोनवर मद्रासच्या पार्टीशी बोलताना सापडले, आणि रागावून नव्हे तर खूश होऊन परत आले, आता उठायलाच नको म्हणून. तुषार तर म्हणाला, असे नियम त्याने आजवर कुठे भरले नव्हते.

अडलं ते एकाच ठिकाणी. शोभाताईने एक लाईन फक्त गावाकडच्या फोनांसाठी राखून ठेवली होती. हितेनभाई येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शोभाबेन, आ मिल छे के पोस्ट ऑफिस?" गावाकडच्या फोनांसाठी एक लाईन का अडकवायची, ती सेल्सला द्या, हे त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, पण दिवाळीचा सीझन तोंडावर होता आणि मशीन आणल्यापासून त्यांना प्रत्येक लाईनचा हिशेब सुचायला लागला होता. शोभाताई म्हणाली, "या बायांचे फोन बंद केले तर माणसं रजा टाकून गावी जातील. सीझनमध्ये चालेल?" हे मात्र त्यांना लागू पडलं. पण अट घातली. "दिवाळी सुधी जोईए. एक पण वार आ फोनथी मशीन उभुं रह्युं, तो लाईन सेल्सनी."

म्हणजे दिवाळीपर्यंत गावाकडच्या एकाही फोनमुळे मिलमधलं मशीन थांबता कामा नये. थांबलं, की त्या सगळ्या बायांचा मिलशी संबंध संपला.

शोभाताईने मग डोकं चालवलं. गावाकडची लाईन तिने वेगळीच बांधली. प्रत्येक गावाला एक नंबर दिला. मालपूरला चौदा, आर्थ्याला सत्तावीस. फोन लागला की टेपवर आवाज येणार, बूथवाल्याने आपल्या गावचा नंबर दाबायचा, आणि फोन सरळ त्या गावच्या खात्यात वाजणार. तिथे सगळे एकाच गावचे, बाईचा आवाज ऐकला की कोणाची कोण ते त्यांना कळणारच. नाव विचारायलाच नको. आणि कोणी नंबर दाबलाच नाही तर फोन शोभाताईकडे. तिने सगळ्या बूथवाल्यांना आपापला नंबर कळवला आणि त्यांनी तो भिंतीवर रंगवून टाकला.

टेपवर आवाज तिचाच. हितेनभाईंना इंग्रजी हवं होतं, तिने अहिराणीत भरलं. "राम राम. तुमना गावना नंबर दाबा, मंग बोला." पहिले काही दिवस नुसती धमाल. बाया टेपशीच बोलायला लागल्या. "राम राम वं शोभा. बरी शे ना तू? गोपाल काय म्हनस?" टेप काही उत्तर देईना, बूथवाल्याचं नंबर दाबायचं राहून जायचं आणि फोन फिरून शोभाताईकडे यायचा, तेव्हा बाई तणतणत असायची, की आताच बोललीस आणि मधेच गप्प का झालीस. शोभाताई हसून हसून पदराने डोळे पुसायची आणि त्यांना पुन्हा सगळं सांगायची, गोपालचा अभ्यास धरून.

पुढे लाईन सुरळीत चालली. दसरा झाला, एकही मशीन थांबलं नाही. आणि त्याच सुमाराला कळलं की उज्ज्वलाचे दिवस भरत आलेत.

वाल्मिकची अवस्था बघवत नव्हती. सीझनमध्ये रजा नाही, स्टेंटर सोडून हलता येत नाही, कारण ते चालू असताना थांबवलं तर आतल्या गरम हवेने कापड पिवळं पडतं. त्याच्या पाठीशी भिंतीवर फोन होता. त्याचे हात कापडावर आणि कान मागे. चहाच्या सुट्टीत तो फोन उचलून शोभाताईला विचारायचा, "ताई, फोननं मशीन चालू शे ना?" ती म्हणायची, "चालू आहे रे बाबा. तुझा चौदा नंबर. फोन आला की तुझ्याच कानाशी वाजेल, मधे कोणी नाही. माझा शब्द." मालपूरकरांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की तो फोन दुसऱ्या कोणी उचलायचा नाही.

तो फोन वाजलाच नाही.

दुपारची वेळ होती. मी पावत्या फाडत होते. अचानक घडी खात्याकडून आरडाओरडा ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर अख्खं घडी खातं रस्त्यावर. पुढे उखा, उज्ज्वलाचा थोरला भाऊ, हातात गुळाची ढेप, कॅन्टीनमधून उचललेली. मागे पंचवीस-तीस माणसं, कोणी पत्र्याचा डबा वाजवतोय, कोणी नाचतोय. वाटेत कलर किचन लागलं, तिथून कोणीतरी गुलाबी रंगाची बादली घेतली. सगळी मिरवणूक स्टेंटरकडे. "जवाईबापू, पोर व्हयनी! लक्ष्मी उनी!"

उखाने वाल्मिकच्या तोंडात गूळ कोंबला आणि बाकीच्यांनी त्याला गुलाबी केला. वाल्मिक आधी भांबावला, मग रडायला लागला, मग मेव्हण्याच्या गळ्यात पडून नाचायला लागला. मालपूरकरही मशीन सोडून त्यात शिरले. आनंद असा, की मीही कोपऱ्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते. कापडाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. स्टेंटर थांबलं आणि आतला कापडाचा तागा पिवळा पडला.

शोभाताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला एका क्षणात दिसलं. "गौरी," ती म्हणाली, "बाळंतीण माहेरी असते गं."

उज्ज्वलाचं माहेर आर्थे. बाळाच्या आजीने आर्थ्याच्या बूथवरून फोन केला, बूथवाल्याने भिंतीवरचा सत्तावीस दाबला आणि फोन गेला घडी खात्यात, मुलीच्या मामांकडे. आर्थेकरांची रीत अशी, की जावयाला लेक झाल्याची बातमी दुसऱ्याच्या तोंडून द्यायची नाही, मेव्हण्याने स्वतः गूळ घेऊन जायचं. उखाने रीत पाळली. मशीननेही नियम पाळला. चूक शोभाताईची, आणि ती तिला फार लागली. "मी स्वतः दोनदा माहेरी गेलेय बाळंतपणाला," ती म्हणत राहिली. "तरी मला गावं दिसली, बायाच दिसल्या नाहीत." तुषारने फोनवरून धीर दिला, की दोन मिनिटांत दुरुस्त होईल, एकाच वेळी सासर आणि माहेर दोन्हीकडे वाजवू. पण दुरुस्त करून उपयोग काय? अट मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेनभाई आले. त्यांच्यामागे तुषार, हातात पेचकस. हितेनभाई ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "शोभाबेन, मैंने बोला था," एवढंच म्हणाले आणि तुषारला पेटी उघडायला सांगितली. शोभाताईने मान हलवली. ती रडली नाही, वादही घातला नाही. वाल्मिक पोरीचं तोंड बघायला कधी जाऊ शकेल, त्याला सुट्टी मिळेल का, इतकंच विचारलं. त्या गप्प बसणाऱ्या सगळ्या बाया आता कोणाकडे गप्प बसणार, हाच विचार माझ्या डोक्यात.

तेवढ्यात मुंबईच्या मोठ्या पार्टीचा फोन आला, माल का अडकला म्हणून, आणि शोभाताई त्यात गुंतली. ती दुसऱ्या फोनवर असली की पुढचा फोन माझ्या टेबलावर वाजायचा. तो वाजला. दिवा गावाकडच्या लाईनचा. टेप वाजून संपली होती, नंबर कोणी दाबला नव्हता. हितेनभाई माझ्या टेबलाला टेकून उभे होते. त्यांना रिसीव्हर उचलायचा कंटाळा, त्यांनी सरळ स्पीकरचं बटण दाबलं.

"हलो, कोण?"

तिकडून काही नाही. नुसता श्वास. शोभाताईने मुंबईवाल्याला बोलू दिलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. दवाखान्यातला फोन असणार, तिथल्या भिंतीवर थोडाच गावचा नंबर रंगवलेला.

"अरे बोलो ने, कोनुं काम छे?" हितेनभाईंचा आवाज चढला. शोभाताई बोलायला वळली. पण तिच्याआधीच आवाज आला, थकलेला पण स्पष्ट.

"पोरगीना बापले बलावा."

"शुं?"

"पोरगीना बाप," तिकडची बाई आणखी मोठ्याने म्हणाली. "मालपूरना. मनी पोरगीना बापले बलावा."

हितेनभाईंना अहिराणी येत नव्हती. पण ‘पोरगीना बाप’ कळायला गुजराती माणसाला दुभाषा लागत नाही, आणि काल अख्खी मिल त्या पोरगीसाठीच नाचली होती. मग शोभाताईकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. तिने हळूच स्टेंटरचा नंबर सांगितला. त्यांनी स्वतः, एका बोटाने, चुकत चुकत बटणं दाबली. पहिल्यांदा पलसाणं लागलं. दुसऱ्यांदा बरोबर लागला.

"वाल्मिक? पोरीना बाप?" ते म्हणाले. "ले, घरेथी फोन छे. वात कर, बोल." आणि स्पीकर बंद करून त्यांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी जोडून दिलं म्हणून त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. काचेतून स्टेंटर दिसत होतं. मालपूरच्या दोघांनी धावत येऊन कापड धरलं होतं, मशीन चालूच होतं, आणि वाल्मिक, कानशील अजून गुलाबी, भिंतीकडे तोंड करून फोनवर वाकला होता.

शोभाताईने मुंबईवाल्याला नंतर करते म्हणून सांगितलं. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "ऐकलंस गौरी?" ती मला म्हणाली. "मला विचारावं लागलं नाही तिला."

तुषार पेटीपाशी पेचकस घेऊन खोळंबला होता. त्याने विचारलं, "सर, ती लाईन काढू ना?"

हितेनभाईंनी फोनवरच्या लाल दिव्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसले.

"हमणां नहीं," ते म्हणाले. "वात चालू छे."